रग आणि रक्तदाब

कागल तालुक्यातले बिद्री महाराष्ट्राला माहीत आहे ते साखर कारखान्यामुळे. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावे घेऊन उभा राहिलेला सहकारी कारखाना, त्याचे मौनीनगर, दूधसाखर महाविद्यालय आणि जवळचा मुदाळ तिट्टा, एवढ्यात या परिसराची ओळख होते. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि कारखाना रात्रंदिवस पाळ्यांवर चालतो. पहाटे भरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्याच्या कडेने धावतात, संध्याकाळी कोणी तालमीत जाते, कोणी जिममध्ये. ऊसतोड, रातपाळी, कुस्ती आणि भरती ही चार कामे वेगळी असली तरी चौघांचे भांडवल एकच, अंगातली रग.

या रगेला इथे मान आहे आणि तो आजचा नाही. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत 1912 साली कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या तालमींना तिथवर पोहोचण्याचे स्वप्न मिळाले. सीमेलगतच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले. त्या पिढीची ताकद वर्षांच्या हिशेबाने येत असे. पहाटेची मेहनत, जोर-बैठका, लाल माती, दूध, तूप, बदाम, खारीक आणि वस्तादाची नजर, असा तो क्रम होता. त्यातली कोणतीही गोष्ट अर्ध्या तासात अंगाला लागणारी नव्हती.

आता अर्ध्या तासात परिणाम दाखवणारी वस्तू बाजारात आहे. तिला मुले नुसते ‘डबा’ म्हणतात. त्यातल्या पावडरीचा एक चमचा, म्हणजे स्कूप, पाण्यात घुसळून प्यायला की छाती धडधडते, कानाभोवती मुंग्या येतात, थकवा पळतो आणि वजन हलके वाटू लागते. प्री-वर्कआऊट, फॅट बर्नर, एनर्जी ड्रिंक अशी या वस्तूंची नावे वेगवेगळी, पण बहुतेकांचा गाभा एकच असतो. मेंदू आणि हृदय यांना चाबूक लावणारे उत्तेजक. या वस्तू घेणाऱ्यांच्या रक्तदाबाचे काय होते आणि तो कसा सांभाळायचा, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

विषय निवडण्यामागचे कारण एक प्रश्न आहे. “बीपी जरा जास्त दाखवतंय, पण डबा बंद करायचा नाही. कसं सांभाळायचं?” असे विचारणाऱ्याला एखादी युक्ती हवी असते. लिंबूपाणी, लसूण, मीठ कमी, एखादी गोळी, असे काहीतरी. ही पुस्तिका युक्ती देत नाही. ती आधी उलट विचारते, की आकडा किती आहे, तो कधी मोजला, कसा मोजला आणि त्याआधी काय घेतले होते. या चार प्रश्नांची उत्तरे फार थोड्यांकडे असतात. उंची, वजन, छाती, सोळाशे मीटर धावण्याची वेळ तोंडपाठ असलेल्या पोराला आपला रक्तदाब माहीत नसतो, आणि नेमके तेच उत्तर सगळ्यात आधी हवे.

रक्तदाब म्हणजे हृदयाने ढकललेल्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा, सैल पडते तेव्हाचा खालचा. इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी 1896 साली दंडाला बांधायचा पट्टा तयार केला आणि रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी 1905 साली स्टेथोस्कोपने ऐकून दोन्ही आकडे काढण्याची रीत दिली. गावच्या आरोग्य उपकेंद्रात आजही त्याच तत्त्वावर दाब मोजला जातो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दाब 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर त्याला आपल्याकडे उच्च रक्तदाब म्हणतात. घरी स्वस्थ बसून मोजला असेल तर 135/85 पासूनच सावध व्हायचे असते.

दाब दिवसभर एकसारखा नसतो. झोपेत तो खाली येतो, जिना चढताना वाढतो, भांडणात वाढतो. जड वजन उचलताना तर तो विलक्षण चढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून व्यायामाच्या वेळचा दाब मोजला होता. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी दाब 320/250 पर्यंत गेला आणि एका खेळाडूत तो 480/350 च्याही वर नोंदला गेला. श्वास रोखून जोर लावल्यावर असे घडते. कुस्तीत पकड घट्ट धरून दम कोंडला की शरीर त्याच वाटेने जाते. निरोगी, तरुण धमन्या हा क्षणभराचा चढ सोसतात, कारण वजन खाली ठेवताच दाब उतरतो. ज्याचा दाब मुळातच चढलेला आहे आणि वर उत्तेजकही घेतलेले आहे, त्याचा प्रत्येक चढ आणखी वरच्या पायरीवरून सुरू होतो. या पुस्तिकेतली पुढची सगळी चर्चा त्या पायरीची आहे.

उत्तेजकांत सर्वांत जास्त वापरले जाते ते कॅफीन. दिवसभर काम करताना मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे थकवा जाणवतो. कॅफीन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवते. थकवा तसाच राहतो, त्याची जाणीव तेवढी बंद होते. शिवाय अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये वाढतात, नाडी जलद होते आणि काही रक्तवाहिन्या आकसतात. उच्च रक्तदाब असलेल्यांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात 200 ते 300 मिलिग्रॅम कॅफिनने वरचा आकडा सरासरी 8 ने आणि खालचा जवळपास 6 ने वाढलेला दिसला, आणि ही वाढ किमान तीन तास टिकली. रोज चहा-कॉफी घेणाऱ्यांत परिणाम बोथट होतो, पण सगळ्यांत सारखा नाही, आणि तो पुरता नाहीसा होईल याचीही हमी नाही.

200 ते 300 मिलिग्रॅम म्हणजे किती, हे समजून घेतले की स्कूपचे माप कळते. आपल्या कपभर चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असते. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कॅफीनयुक्त पेयांसाठी लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे, म्हणजे 250 मिलिलिटरच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त 75. प्री-वर्कआऊटच्या एका स्कूपमध्ये मात्र 200, 300 किंवा त्याहूनही जास्त कॅफीन असू शकते, आणि ते दोन घोटांत पोटात जाते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा त्रासाचे नसते, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते. दीड स्कूप आणि दोन चहा झाले की ती रेषा सहज ओलांडली जाऊ शकते. कॅफिनचे अर्धे प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या स्कूपचा अर्धा भाग रात्री अकराला अंगात असतो. झोप मोडते, आणि रात्री दाबाला मिळणारी विश्रांतीही मोडते. दुसऱ्या दिवशी अंग जड वाटते, मग स्कूप वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफीन शरीरात जवळपास दुप्पट वेळ रेंगाळते, आणि त्यांपैकी काही गोळ्या स्वतःही दाब वाढवू शकतात. जिममध्ये जाणाऱ्या मुलींना हे क्वचितच कोणी सांगते, म्हणून ते पुस्तिकेत ठळक अक्षरांत दिले आहे.

डब्यात कॅफीन एकटे असते तर हिशेब सोपा होता. अनेक डब्यांवर घटकांची नावे असतात, पण प्रत्येकाचे प्रमाण नसते. सगळ्यांची मोट बांधून एकच वजन छापलेले असते. त्या मोटेत योहिम्बिन किंवा कडू संत्र्यापासून मिळणारे सिनेफ्रिन असू शकते. दोन्ही दाब आणि नाडी यांवर परिणाम करतात, आणि कॅफिनबरोबर आले तर परिणामांची बेरीज होते. घटक लिहिलेला आहे पण मात्रा लिहिलेली नाही असा डबा, विशेषतः रक्तदाब असलेल्या माणसाने, घेऊ नये. याउलट व्हे प्रोटीन आणि क्रिएटिन ही उत्तेजके नव्हेत. डबा दिसला की सगळ्यांनाच एका मापाने झोडायचे, हा मोठ्या माणसांचा रागही मुलांना आपल्यापासून दूर नेतो. फरक समजावून सांगितला तर मुले ऐकतात.

‘नैसर्गिक’ आणि ‘वनस्पतीजन्य’ या शब्दांनी फसू नये, हे सांगायला जगाचा इतिहास पुरेसा आहे. एफेड्रा या वनस्पतीची पूरके अमेरिकेत वजन घटवण्यासाठी राजरोस विकली जात. फेब्रुवारी 2003 मध्ये स्टीव्ह बेक्लर हा 23 वर्षांचा बेसबॉलपटू सरावात उष्माघाताने कोसळून मरण पावला. त्याच्या मृत्यूशी एफेड्राचा संबंध जोडला गेला आणि 2004 साली अशा पूरकांवर तिथे बंदी आली. त्यानंतर मिथाईलहेक्झानामाईन आले. मुळात नाक मोकळे करण्याच्या औषधासाठी तयार केलेले हे द्रव्य व्यायामाच्या पूरकांत शिरले. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेआधीच्या चाचण्यांत ज्या भारतीय खेळाडूंच्या नमुन्यांत ते सापडले, त्यांत मल्लही होते. 2012 साली अमेरिकी प्रशासनाने त्याच्या विक्रेत्यांना इशारे दिले, कारण रक्तवाहिन्या आकसून दाब चढतो हे स्पष्ट झाले होते. दोन्ही वेळा क्रम सारखाच राहिला. आधी वस्तू बाजारात आली, मग माणसे आजारी पडली किंवा मेली, आणि सरकारी कारवाई सगळ्यात शेवटी आली. बाजारात मिळते म्हणजे सुरक्षित असेल, हा समज या दोन घटनांनंतर तरी टिकायला नको.

आता इंजेक्शनकडे येऊ. हा भाग लिहिताना शब्द मवाळ ठेवलेले नाहीत. मेफेन्टरमिन सल्फेट हे औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरतात. मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकाएकी पडला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते देतो. त्या वेळी रुग्णाला मॉनिटर लावलेला असतो आणि दाब मिनिटामिनिटाला दिसत असतो. हेच औषध चोरवाटेने जिमच्या मुलांपर्यंत पोहोचले आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या बेकायदा विक्रीवर छापे घातले आहेत. जे औषध दाब चढवण्यासाठीच बनवले, ते दाब न पडलेल्या, धडधाकट पोराने व्यायामाआधी टोचून घ्यायचे आणि मग वजन उचलायचे, यातला धोका समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. हे औषध मज्जातंतूंच्या टोकांत साठलेले, दाब चढवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन बाहेर काढते. पुन्हा पुन्हा घेतले की साठा रिता होतो, तेवढ्याच मात्रेने काम होत नाही, म्हणून मात्रा वाढवली जाते. व्यसन लागल्याच्या, भास होऊ लागल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केल्या आहेत. एकमेकांची सुई वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका त्यात मिळतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत मेफेन्टरमिन बंदी असलेले उत्तेजक आहे, म्हणजे पैलवानाची कारकीर्दही त्याने संपते. या औषधाच्या बाबतीत ‘सांभाळून घेणे’ असा प्रकारच नाही.

इथे महाराष्ट्राच्या वैद्यकातली एक गोष्ट आठवणे उपयोगाचे आहे. सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग आपल्याकडे आधीपासून माहीत होता. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर लिहिले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरचे अनुभव नीट तपासून 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. 1952 साली त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. वकीलांना 1957 साली लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन काय करते? मज्जातंतूंतला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा हळूहळू कमी करते, म्हणून दाब उतरतो. मुंबईत एका डॉक्टरने ज्या द्रव्याचा जोर कमी करून माणसे वाचवण्याची वाट जगाला दाखवली, तेच द्रव्य एका सुईत उसळवण्याचा धंदा आज त्याच राज्यात चालतो. आज रिसर्पिनची जागा अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या अधिक सोयीच्या गोळ्यांनी घेतली आहे, पण तो धडा जुना झालेला नाही.

डबा आणि सुई यांच्याबाहेरही दाब वाढवणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या आपल्या मोजणीत येत नाहीत. तंबाखू त्यांत पहिला. बिद्रीहून मुरगूडमार्गे निपाणीला जाणारा रस्ता तंबाखूच्या जुन्या बाजारपेठेत उतरतो. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी तिथे केलेले आंदोलन अजून लोकांच्या लक्षात आहे. त्या शेतकऱ्याचे दुःख खरे होते. पण मावा किंवा तंबाखूचा बार तोंडात धरला की निकोटिन नाडी आणि दाब दोन्ही वाढवते, हेही तितकेच खरे. रातपाळीचा कामगार, वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढणारा ट्रॅक्टरवाला, यांच्या बाबतीत जागरण, चहा आणि तंबाखू यांची बेरीज होते. सर्दीच्या काही गोळ्यांतली नाक मोकळे करणारी द्रव्ये दाब वाढवतात. दुखऱ्या गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही वाढवतात, आणि त्या तालमीत सर्रास घेतल्या जातात. घशासाठी गुणकारी म्हणून रोज चघळलेले ज्येष्ठमध शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटवते आणि दाब चढवते. त्यात तांबडा रस्सा, लोणचे आणि पापड यांचे मीठ. स्कूप बंद करून या बाकीच्या गोष्टी तशाच ठेवल्या तर हिशेब अर्धाच झाला.

भरतीच्या उमेदवारांसाठी आणि मल्लांसाठी आणखी दोन सूचना. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरआधी काहीतरी घेऊन पळणारी मुले असतात. उत्तेजकाने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंगातली उष्णता बाहेर पडायला अडते, आणि थकव्याची जाणीव बंद झालेली असल्यामुळे मुलगा थांबत नाही. उन्हात हे जिवावर बेतते. कुस्तीत वजनगटासाठी पाणी तोडून वजन उतरवतात आणि मैदानाआधी तरतरी यावी म्हणून उत्तेजक घेतात. रक्तातले पाणी आणि क्षार घटलेले असताना हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. वजन उतरवण्याच्या दिवसांत उत्तेजक अजिबात नको, असे वस्तादाने बजावले तर ते दहा डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा जास्त पाळले जाईल. कॅफीन 2004 पासून जागतिक बंदीच्या यादीत नाही. पण डब्यात न लिहिलेले दुसरे काही निघाले तर दोष खेळाडूचाच धरला जातो, हेही वस्तादाने सांगावे.

“मला काहीच होत नाही” हे वाक्य या विषयात सगळ्यात जास्त ऐकू येते. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, डोके धरत नाही, चक्कर आणत नाही. उत्तेजकाने तर उलट तरतरी वाटते. कारखान्यातला बॉयलर चालवणारा माणूस वाफेचा अंदाज अंगाने घेत नाही, तो काट्याकडे पाहतो, आणि काटा चुकला तरी बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शरीराला तसा व्हॉल्व्ह नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, हृदयाचा स्नायू जाड होत जातो, मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या झिजतात. यातले काही एका रात्रीत घडते, काही वीस वर्षांत.

म्हणून या पुस्तिकेचा मधला भाग मोजण्याविषयी आहे आणि तो सगळ्यात लांब आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, स्कूप आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ करून वहीत लिहावे. पैलवानांसाठी एक खास गोष्ट आहे. घरच्या बहुतेक यंत्रांबरोबर येणारा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. भरलेल्या दंडाला तो आखूड पडतो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. काही तगड्या मुलांना त्यामुळे नसलेले बीपी चिकटते. दंड आधी टेपने मोजा, मग मोठा पट्टा मागा. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावरचे यंत्र भरवशाचे.

सात दिवसांची वही हातात आली की निर्णय सोपे होतात. घरचा दाब 135/85 च्या खाली असेल आणि घरात तरुणपणी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नसेल, तर कॅफीन किती आणि कधी, एवढाच प्रश्न उरतो. अशा माणसाने एकदा स्कूप घेण्याआधी आणि नंतर अर्ध्या ते दोन तासांत दाब मोजून पाहावा. आकडा पाच-दहाने चढत असेल तर त्याचे शरीर कॅफिनला संवेदनशील आहे आणि त्याने मात्रा घटवावी किंवा सोडावी. सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर डबा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना डबा बरोबर न्यावा. लाज वाटते म्हणून रुग्ण तो लपवतात, मग डॉक्टर कारण दुसरीकडे शोधत बसतात. रोजचे भरपूर कॅफीन एकदम बंद केले तर दोन-चार दिवस डोके दुखते, म्हणून आठवडाभरात टप्प्याटप्प्याने कमी करावे. दाब 180/120 च्या पुढे गेला आणि छातीत दुखणे, धाप, अंधुक दिसणे, बोलताना अडखळणे किंवा हात-पाय लुळे पडणे यांपैकी काही असेल, तर 108 ला फोन करावा. त्या वेळी घरगुती उपायात वेळ घालवू नये.

गोळी चालू असलेल्यांचे काय? इथे एक चुकीची वाट फार लोकप्रिय होत आहे. बीपीची गोळी घ्यायची आणि स्कूपही चालू ठेवायचा, दाब चढला तर गोळी आपल्या मनाने वाढवायची. गोळी दाब खाली ओढते, उत्तेजक वर ढकलते आणि हृदय दोघांच्या मधे सापडते. काही गोळ्या नाडी मंद करतात आणि उत्तेजक घेतल्यावर त्यांचा परिणाम ओळखणे अवघड होते. काही गोळ्या एकाएकी बंद केल्या तर दाब उसळतो, म्हणून स्कूपसाठी गोळी चुकवणेही तितकेच वाईट. उच्च रक्तदाबाचे निदान झालेल्या माणसाने उत्तेजक पूरके घेऊ नयेत, हे या पुस्तिकेचे स्पष्ट मत आहे. त्याने व्यायाम मात्र सोडू नये. दाब ताब्यात आल्यावर चालणे, धावणे, सायकल, आणि श्वास न रोखता मध्यम वजने, यांनी दाब उतरायला मदतच होते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. रक्तदाबाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 च्या अखेरीस ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता. तपासणी प्रामुख्याने तिशीपुढच्यांची केली जाते. विशीतली मुले त्या रांगेत उभी राहत नाहीत, आणि डबा घेणारी मुले विशीतलीच असतात. म्हणून ही पुस्तिका दवाखान्याच्या टेबलाऐवजी तालमीत, जिममध्ये, भरतीच्या अकादमीत, कारखान्याच्या कामगार कार्यालयात आणि मेडिकल दुकानात ठेवावी, अशी इच्छा आहे.

वाचकांपैकी प्रत्येकाकडे एक मागणे आहे. वस्तादांनी आणि ट्रेनरांनी तालमीत, जिममध्ये एक दंडाचे यंत्र आणि मोठा पट्टा ठेवावा आणि नव्या पोराचे वजन लिहिताना दाबही लिहावा. मेडिकल दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देऊ नये. आईवडिलांनी डबा पाहून आरडाओरडा करण्याआधी त्यामागचे लेबल वाचावे. आणि ज्याच्या हातात आत्ता स्कूप आहे त्याने तो खाली ठेवून आधी सात दिवस दाब मोजावा. वहीतले आकडे चांगले असतील तर त्याचे काही गेले नाही. वाईट असतील तर ते आज कळणे पक्षाघाताच्या वॉर्डात कळण्यापेक्षा कितीतरी बरे.